उकार

रजिस्टरातला शेवटचा रकाना एक इंचाचा.
वर छापलंय : सोडण्याचे कारण.
एका इंचात माणूस कुठवर मावणार,
म्हणून बत्तीस वर्षं मी तिथं
'घरगुती' लिहीत आलो.
घाई असली की नुसतं 'घ.'

शाहूपुरी, तिसरी गल्ली. आमचं नर्सिंग स्कूल.
जिन्याखाली ऑफिस, वरच्या वर्गात सांगाडा;
त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं
दर जूनमध्ये मीच चिकटवायचो.

शिरोळचा एक पोरगा होता, दारात वाकून यायचा.
वॉर्डातले म्हातारे त्याला 'ए सिस्टर' म्हणून हाक मारायचे,
तो हसून पळत जायचा.
गावात भावकी तशीच हाक मारायला लागली
तेव्हा हसणं जमलं नाही त्याला.
घरगुती.

आजऱ्याच्या एकीनं पहिल्याच नाइटला
पहाटे चार वाजता एका बाईचं अंग पुसलं,
पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधली.
सकाळी मेसमध्ये पोह्यांवर लिंबू पिळलं
आणि ताट तसंच ठेवून ट्रंक भरायला गेली.
रात्री सोबत कोण होतं, हे तिला कुणी विचारलं नाही.
कुणीच नव्हतं.
घ.

आणि अक्षता चौगले.
गारगोटीच्या पुढचं गाव. वडील गुऱ्हाळावर,
चुलवाणात जाळ घालायला.
पुस्तक इंग्रजी, तिची वही देवनागरी :
स्टर्नो, क्लायडो, मॅस्टॉइड.
एका स्नायूचे तीन तुकडे करून
स्वतःच्या मानेवर बोट फिरवत
जिन्यात बसून पाठ करायची.
मला ऐकून ऐकून पाठ झालं.
सीपीआरमधल्या जुन्या सिस्टर म्हणायच्या,
हिची सुई पोरांना कळतसुद्धा नाही.

दर सोमवारी माझ्या खिडकीशी :
"सर, स्कॉलरशिप आली का ओ?"
"येईल. वरनंच अडकलंय."

फॉर्म मी भरला होता.
दीड वाजला होता, डबा उघडून ठेवलेला.
पासबुकावर चौगले,
माझ्या हातून चौगुले.
ग च्या पायाशी लोंबणारा एक उकार,
कॉम्प्युटरला दिसला, मला दिसला नाही.
दिसला तेव्हा
मुदत संपून तेरा दिवस झाले होते.

त्या सोमवारीही ती आली.
"वरनंच अडकलंय," मी म्हणालो,
आणि खिडकी जरा लवकर लावली.

फेब्रुवारीत वडील आले तिला न्यायला.
दंडावर भाजल्याचे डाग, डोक्याला टॉवेल,
पिशवीत गुळाचा रवा, पाच किलोचा.
टेबलावर ठेवला. "सायबास्नी."
मूळ दाखले फी भरल्याबिगर मिळत नाहीत,
हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं.
ते म्हणाले, "पोरीचं चुकलं काय ओ?"
"घरचीच काहीतरी अडचण असणार," मी म्हणालो.
ते मान हलवत राहिले.
घर त्यांचंच होतं.

ती दाराशी उभी, पांढरे बूट हातात,
ऊन लागलं तर पिवळे पडतात म्हणून
वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

गूळ आम्ही संक्रांतीपर्यंत पुरवला.

पुराच्या वर्षी गल्लीत गुडघाभर पाणी आलं,
सगळी रजिस्टरं डोक्यावर घेऊन
मीच वर नेली, सांगाड्याच्या खोलीत.
एक पान भिजू दिलं नाही.
सत्कारात परवा मॅडम हेच बोलल्या.
नारळ, शाल, टाळ्या.

त्यानंतर चाव्या द्यायच्या आधी
ते पान काढलं.
तिची ओळ. माझं अक्षर तसं सुबक आहे.
घरगुती.
बघत बसलो.
त्यातही ग ला उकार आहे.
तिथं तो बरोबर पडलाय.